सूज चेहऱ्यावर, कारण तोबऱ्यात

दोन-अडीच वर्षांच्या एका शिंगराचा चेहरा सुजला आहे असे समजू या. डोळ्यांखाली, नाकाच्या दोन्ही बाजूंना फुगवटा आला आहे. मालकाला पहिला प्रश्न पडतो तो औषधाचा. पशुवैद्याला पहिला प्रश्न पडतो तो कारणाचा. सूज हा रोग नव्हे, ती रोगाची खूण आहे आणि एकच खूण अनेक रोग दाखवू शकतात. घोड्याच्या सुजलेल्या चेहऱ्याचे एक कारण शोधून काढायला पशुवैद्यकाला जवळजवळ शंभर वर्षे लागली. हा शोध कसा लागला हे पाहण्यासारखे आहे. कारण त्यात गुन्हेगार म्हणून कोणताही जंतू सापडला नाही, कोणतेही विष सापडले नाही. सापडले ते एक बिघडलेले गुणोत्तर.

शक्यतांची यादी

प्रथम सूज कुठे आहे ते पाहायचे. ती जबड्याखाली, घशाजवळ असेल, हाताला गरम लागत असेल, घोड्याला ताप असेल आणि नाकातून पू येत असेल, तर संशय ‘स्ट्रँगल्स’ या रोगाचा. तरुण घोड्यांचा हा नेहमीचा संसर्गजन्य आजार आहे. जबड्याखालच्या लसीका ग्रंथी सुजतात, पिकतात आणि फुटतात. सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या पदरी असलेल्या जोर्दानुस रुफुस याने इ. स. १२५० च्या सुमारास लिहिलेल्या अश्ववैद्यकाच्या ग्रंथात या रोगाचे वर्णन आहे.

नाकातून चिकट स्राव, नाकाच्या आत व्रण आणि जबड्याखाली कडक गाठी असतील, तर संशय ‘ग्लँडर्स’चा. हा रोग माणसालाही होतो आणि घातक ठरू शकतो. म्हणून रोगी घोडा मारावा लागतो. पूर्वी पुष्कळदा स्ट्रँगल्स आणि ग्लँडर्स यांत घोटाळा होई. निदान चुकले तर बरा होऊ शकणारा घोडा हकनाक मरे, किंवा घातक रोगाचा घोडा तबेल्यात राहून इतरांना रोग देई.

खालच्या जबड्याच्या काठावर लहान टेंगळे असतील आणि घोडा तीन-चार वर्षांचा असेल, तर बहुधा काळजी नको. दुधाच्या दाढा पडून कायमच्या दाढा वर येत असताना त्यांची मुळे जबड्याचे हाड खाली ढकलतात. ही टेंगळे पुढे आपोआप कमी होतात. सूज एकाच बाजूला असेल, तर किडलेली दाढ, कपालास्थीच्या पोकळीतला पू, गांधीलमाशी किंवा साप यांचा विचार करावा लागतो.

आता आपल्या शिंगराकडे परत येऊ. त्याची सूज दोन्ही बाजूंना सारखी आहे. ती कडक आहे, गरम नाही, पिकत नाही. ताप नाही. बोटाने ठोकले तर पोकळ आवाजाऐवजी बद्द आवाज येतो. घास चावताना त्याला त्रास होतो, दाढा हलतात. मालकाला विचारले तर तो सांगतो, की चेहरा सुजण्याच्या आधी काही आठवडे शिंगरू लंगडत होते. कधी या पायाने, कधी त्या. म्हणजे ही सूज मांसाची नाही, ग्रंथींचीही नाही. हाडच फुगले आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घोडेवाल्यांनी या रोगाला ‘मोठे डोके’ असेच नाव दिले होते.

जंतूंचा काळ

हाड का फुगावे? या प्रश्नाचा विचार एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी होऊ लागला, तेव्हा जंतुशास्त्र जोरात होते. १८८२ साली लफ्लर आणि शुट्झ यांनी बर्लिनमध्ये ग्लँडर्सचा जंतू वेगळा केला. याच शुट्झने १८८८ साली स्ट्रँगल्सच्या जंतूचे वर्णन केले. सहा वर्षांत घोड्याच्या सुजलेल्या चेहऱ्याची दोन जुनी कोडी सुटली. हे वारे आपल्याकडेही पोहोचले होते. जनावरांच्या रोगांच्या अभ्यासासाठी १८८९ साली पुण्यात सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली आणि १८९३ साली ती हिमालयात मुक्तेश्वर येथे हलली. १८९९ साली हिंदुस्थानात ग्लँडर्ससाठी वेगळा कायदा झाला. तो रोग आजही इतिहासजमा झालेला नाही. २००६ साली महाराष्ट्रात त्याने पुन्हा डोके वर काढले.

अशा काळात ‘मोठ्या डोक्या’च्या मागेही जंतूच असणार असे वाटणे स्वाभाविक होते. पुरावाही तसा दिसे. एका तबेल्यातले घोडे एकामागून एक आजारी पडत. बाहेरून आणलेला धडधाकट घोडा त्या तबेल्यात काही महिने राहिला, की त्यालाही रोग होई. आजारी घोडा दुसरीकडे नेला, की कधी कधी सुधारे. हे संसर्गाचे लक्षण नाही तर काय? पण जंतू काही सापडेना.

या पुराव्यात एक फट होती. एका तबेल्यातल्या घोड्यांमध्ये हवा, पाणी आणि सोबती एवढेच समान नसते. त्यांच्या तोंडाला बांधलेल्या तोबऱ्यातला दाणाही एकच असतो.

गिरणीवाल्याचा घोडा

युरोपात हा रोग ज्या नावांनी ओळखला जाई, त्यांत खरे तर उत्तर दडले होते. कोणी त्याला ‘कोंड्याचा रोग’ म्हणत, कोणी ‘गिरणीवाल्याचा रोग’. गहू दळणाऱ्याकडे कोंडा मुबलक आणि जवळजवळ फुकट. तोच त्याच्या घोड्याच्या वाट्याला येई. कोंडा हलका, पचायला सोपा, आजारी घोड्यालाही मानवणारा, असा लौकिक होता. म्हणजे जो मालक घोड्याला जपे, तोच त्याला भिजवलेला कोंडा आवडीने खाऊ घाली.

कोंड्यात असे काय आहे? यासाठी वनस्पतीकडे पाहावे लागेल. पानांत कॅल्शियम पुष्कळ असते आणि फॉस्फरस त्यामानाने कमी. बियांत उलट असते. रुजणाऱ्या कोंबाला सुरुवातीला लागणारा फॉस्फरस वनस्पती बीमध्ये साठवून ठेवते. गव्हाच्या दाण्यात हा साठा मुख्यतः बाहेरच्या थरांत असतो आणि दळून चाळल्यावर नेमके हेच थर कोंड्यात येतात. त्यामुळे गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस सुमारे १.२ टक्के, तर कॅल्शियम जेमतेम ०.१३ टक्के असते. म्हणजे एकास नऊ.

घोडा हा मुळात गवताच्या पानांवर जगणारा प्राणी. त्याचे शरीर जास्तीच्या कॅल्शियमला सरावलेले आहे. खाण्यातले कॅल्शियम तो भरपूर शोषून घेतो आणि नको असलेले लघवीवाटे टाकून देतो. निरोगी घोड्याची लघवी गढूळ दिसते ती यामुळेच. तिच्यात कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूचे, बारीक कण असतात. माणसाने या प्राण्याला पानांऐवजी बिया आणि बियांची सालपटे खायला दिली आणि त्याचा हिशेब उलटा केला.

गेंड्याच्या गळ्यातली ग्रंथी

पण फॉस्फरस जास्त झाला म्हणून हाड का सुजावे? या दोहोंमधला दुवा वेगळ्याच वाटेने सापडला.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला एक भारतीय गेंडा १८४९ साली मेला. रिचर्ड ओवेन याने त्याचे विच्छेदन केले, तेव्हा गळ्यात अवटू ग्रंथीला चिकटलेली एक छोटी पिवळसर ग्रंथी त्याला दिसली. ती कशासाठी आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे स्वीडनमधील उप्साला येथील इव्हार सांडस्ट्रॉम या तरुणाने कुत्रा, मांजर, घोडा आणि माणूस यांच्यात अशाच ग्रंथी पाहिल्या आणि १८८० साली त्यांचे सविस्तर वर्णन केले. याच परावटू ग्रंथी. १९०९ साली मॅकलम आणि फेग्टलिन यांनी दाखवले, की या ग्रंथी काढल्या तर रक्तातले कॅल्शियम घसरते आणि स्नायूंना झटके येतात. म्हणजे रक्तातल्या कॅल्शियमची पातळी राखणे हे या ग्रंथींचे काम.

दरम्यान माणसाच्या हाडांचा एक विचित्र रोग डॉक्टरांना माहीत झाला होता. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फोन रेकलिंगहाउझेन याने १८९१ साली त्याचे वर्णन केले. या रोगात हाडातले क्षार निघून जातात आणि त्यांच्या जागी तंतुमय ऊती भरते. अशा काही रोग्यांच्या परावटू ग्रंथी वाढलेल्या दिसत. आता प्रश्न असा, की ग्रंथी वाढली म्हणून हाड बिघडले, की हाड बिघडले म्हणून ग्रंथी वाढली? व्हिएन्नाच्या एर्डहाइमचे मत दुसऱ्या बाजूचे होते: ग्रंथी बिचारी नुकसान भरून काढायला धडपडते आहे. १९२५ साली व्हिएन्नातच फेलिक्स मांडल या शल्यविशारदाने एका ट्राम कर्मचाऱ्यावर उपचार करताना प्रथम याच मताला धरून त्याला जास्तीची परावटू ऊती रोपण करून दिली. उपयोग झाला नाही. मग त्याने गळा उघडून वाढलेली ग्रंथीच काढली. रोग्याची प्रकृती सुधारली. म्हणजे इथे दोष ग्रंथीकडेच होता.

पुढे कळले, की दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कधी ग्रंथी स्वतःच बिघडते, तर कधी रक्तातले कॅल्शियम सतत कमी पडू लागले म्हणून निरोगी ग्रंथी वाढून जास्त काम करते. घोड्याचा रोग दुसऱ्या प्रकारचा आहे. त्याच्या आतड्यात फॉस्फेट फार झाले, की कॅल्शियमचे शोषण अडते. शिवाय रक्तात फॉस्फेट वाढले, की मोकळे कॅल्शियम कमी होऊ लागते. परावटू ग्रंथी संप्रेरक सोडते. संप्रेरक मूत्रपिंडांना फॉस्फेट बाहेर टाकायला लावते आणि हाडांतून कॅल्शियम काढून रक्ताला पुरवते. रक्ताचा हिशेब जुळतो, पण हाडांच्या ठेवीतून. ज्या हाडांत सतत घडामोड चालू असते, ती आधी रिकामी होतात. वाढत्या घोड्यात जबडा आणि चेहऱ्याची हाडे यांत येतात. रिकाम्या जागेत तंतुमय ऊती भरते. ती मूळ हाडापेक्षा जास्त जागा घेते, म्हणून चेहरा फुगतो. दाढांच्या खोबणी झिजतात, म्हणून दाढा हलतात.

बेरीज नव्हे, गुणोत्तर

फिलिपाइन्स बेटे अमेरिकेच्या ताब्यात असताना तिथल्या लष्करी घोड्यांना या रोगाने फार सतावले. किंटनर आणि होल्ट यांनी तिथे घोड्यांना वेगवेगळ्या खनिज प्रमाणांचा खुराक देऊन पाहिला आणि १९३२ साली आपला प्रदीर्घ अहवाल प्रसिद्ध केला. खाद्यात कॅल्शियमच्या मानाने फॉस्फरस फार असला, की रोग होतो. प्रमाण सुधारले, की टळतो. दक्षिण आफ्रिकेत ऑन्डर्स्टेपूर्टच्या संशोधन संस्थेत ग्रोनेवाल्डने केलेले काम १९३७ साली प्रसिद्ध झाले, तेही याच दिशेचे होते. गंमत अशी, की त्याच संस्थेच्या आर्नल्ड थायलरने दक्षिण आफ्रिकेतल्या गुरांचे दुखणे फॉस्फरसच्या कमतरतेशी जोडून दाखवले होते. एकच मूलद्रव्य गुरांना कमी पडून भोवत होते आणि घोड्यांना जास्त होऊन.

या संशोधनाचे मर्म एका ठोकळ हिशेबाने कळेल. ५०० किलो वजनाच्या, काम नसलेल्या प्रौढ घोड्याला रोज सुमारे २० ग्रॅम कॅल्शियम आणि १४ ग्रॅम फॉस्फरस पुरतो. त्याला ४ किलो वाळलेले गवत, ३ किलो गव्हाचा कोंडा आणि ३ किलो जव दिले असे धरू. गवतातून १६ ग्रॅम कॅल्शियम आणि १० ग्रॅम फॉस्फरस मिळतो. कोंड्यातून ४ आणि ३६, जवातून २ आणि ११. एकूण कॅल्शियम २२ ग्रॅम, फॉस्फरस ५७ ग्रॅम.

कॅल्शियमची बेरीज पाहिली तर गरज भागली आहे. फॉस्फरसची तर कितीतरी पटींनी भागली आहे. ‘कमतरता’ शोधणारा इथे फसतो. पण गुणोत्तर काढले तर ते एकास अडीचहून अधिक येते आणि तेही उलटे. घोड्याच्या खाद्यात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतके तरी हवे. थोडे जास्त असलेले बरे. हाडाचे रसायनही हेच सांगते. हाडातल्या मुख्य खनिजात कॅल्शियमच्या १० अणूंमागे फॉस्फरसचे ६ अणू असतात. अणुभार ४० आणि ३१ धरले तर वजने ४०० आणि १८६ येतात, म्हणजे साधारण दोनास एक. वाढत्या शिंगराची कॅल्शियमची गरज प्रौढ घोड्याहून बरीच मोठी. म्हणून त्याचा तोल लवकर जातो.

आता कोंडा काढून त्याऐवजी ३ किलो वाळलेली लसूणघास द्या. तिच्यातून सुमारे ३९ ग्रॅम कॅल्शियम आणि ७ ग्रॅम फॉस्फरस मिळतो. नवी बेरीज ५७ आणि २८. गुणोत्तर दोनास एक झाले. औषध म्हणून एवढेच. लंगडणे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होते. फुगलेला चेहरा मात्र पुष्कळदा पूर्वीसारखा होत नाही. कारण वेळेवर कळण्याला महत्त्व आहे ते यासाठी.

रक्त खोटे बोलत नाही, पण सगळे सांगत नाही

मग रक्त तपासून कॅल्शियम मोजले की निदान झाले, असे वाटेल. इथे दुसरी फसगत होते. रोगी घोड्याच्या रक्तातले कॅल्शियम बहुधा जवळजवळ ठीकच येते. परावटू ग्रंथीने हाडे मोडून तेच तर साधलेले असते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे क्रूक आणि लो यांनी १९६४ साली या रोगाचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला आणि रोगाचे मूळ हाडात नसून आहारामुळे चेतलेल्या परावटू ग्रंथीत कसे आहे हे दाखवले. क्ष-किरण चित्रातही हाडाचे सुमारे ३० टक्के क्षार गेल्याशिवाय फरक नीट दिसत नाही. त्यापेक्षा लघवी अधिक बोलकी असते. तिच्यात फॉस्फरस वाढलेला आणि कॅल्शियम घटलेले आढळते. आणि सर्वांत बोलका असतो तो तोबरा.

हिरव्या कुरणातले कोडे

इथे शोध संपला असता. पण ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये कोंडा कधीही न खाल्लेल्या घोड्यांचे चेहरे सुजू लागले. ते तर हिरव्यागार कुरणात मोकळे चरत होते. गवताचे रासायनिक पृथक्करण केले, तर कॅल्शियम पुरेसे होते आणि गुणोत्तरही बरे होते. त्याच कुरणात चरणारी गुरे ठणठणीत होती.

वॉल्टहॉल आणि मॅकेन्झी यांनी १९७६ साली या घोड्यांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि पुढच्या काही वर्षांत मॅकेन्झी, ब्लेनी, गार्टनर यांच्या प्रयोगांनी उत्तर पक्के केले. ही गवते बाहेरून आणून लावलेली उष्ण प्रदेशीय गवते होती: सेटारिया, बफेल आणि तत्सम. यातले बफेल म्हणजे आपल्या कोरड्या माळरानांवरचे अंजन गवत. या गवतांत ऑक्झलेट असते. ऑक्झलेट कॅल्शियमला असे घट्ट धरते, की ते विरघळत नाही. अळूमुळे घशाला खाज येते ती याच कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. कागदावर कॅल्शियम आहे, पण घोड्याच्या पदरात पडत नाही. गवतात ऑक्झलेटच्या निम्म्याहूनही कमी कॅल्शियम असेल तर धोका संभवतो.

मग गुरांना काही का होत नाही? गाय रवंथ करणारी. तिच्या पहिल्या पोटातले सूक्ष्मजीव ऑक्झलेट मोडतात आणि सुटलेले कॅल्शियम पुढे आतड्यात शोषले जाते. घोड्याचे सूक्ष्मजीव असतात मोठ्या आतड्यात. कॅल्शियम शोषले जाण्याची जागा, म्हणजे लहान आतडे, तोवर मागे पडलेली असते. एकच गवत, एकच कुरण. फरक फक्त क्रमाचा. अशा कुरणातल्या घोड्यांना कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही असलेले क्षार वरून द्यावे लागतात, कारण हाडांतून दोन्ही गेलेले असतात.

वर्गासाठी

ही कथा घोड्यांपुरती नाही. माणसाची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, की फॉस्फेट बाहेर पडत नाही, परावटू ग्रंथी चेतते आणि हाडे झिजतात. क्वचित अशा रोग्याच्या चेहऱ्याची हाडेही घोड्यासारखीच फुगतात. मूत्रपिंडाच्या रोग्याला डॉक्टर फॉस्फरस मोजून खायला सांगतात ते यासाठी.

शिक्षकांना एक छोटा प्रयोग करून दाखवता येईल. चुन्याची निवळी दोन परीक्षानळ्यांत घ्या. एकीत नळीने फुंकर घालून कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा गढूळपणा आणा. दुसरीत ऑक्झॅलिक आम्लाच्या विरल द्रावणाचे काही थेंब टाका. इथेही पांढरा साका येईल. (हे आम्ल विषारी आहे, ते शिक्षकांनीच हाताळावे.) आता दोन्हींत व्हिनेगर घाला. पहिली नळी निवळेल, दुसरी निवळणार नाही. दोन्हींत कॅल्शियम आहे, पण एकीतले सोडवता येते, दुसरीतले येत नाही.

आम्हाला या इतिहासातून विद्यार्थ्यांपुढे ठेवावासा वाटतो तो मुद्दा असा. ‘काय आहे?’ आणि ‘काय नाही?’ हे दोन प्रश्न विचारण्याची आपल्याला सवय असते. जंतू आहे का? जीवनसत्त्व नाही का? या घोड्यांच्या बाबतीत दोन्ही प्रश्नांना बरोबर उत्तरे मिळूनही कारण सापडत नव्हते. ते सापडले ‘कशाच्या मानाने किती?’ आणि ‘त्यातले हाती किती लागते?’ असे विचारल्यावर. पुढच्या वेळी वर्गात गुणोत्तर आणि प्रमाण हा धडा शिकवताना आंब्यांच्या आणि रुपयांच्या उदाहरणांबरोबर शिंगराच्या खुराकाचे हे गणितही मुलांना सोडवायला द्यावे. कोंड्याचे ३ किलो तसेच ठेवून त्या खुराकाचे गुणोत्तर एकास एकवर आणायला रोज किती चुनखडी मिसळावी लागेल, हे त्यांना काढू द्या. चुनखडीत ४० टक्के कॅल्शियम असते, एवढी माहिती पुरे.